लंकेच्या जंगलात चौघं, नऊ दिवस: खर्च किती, कशावर?

विमानाच्या तिकिटात बारा वर्षं पूर्ण झाली की मुलाचं पूर्ण भाडं लागतं. बऱ्याच हॉटेलांत त्याच सुमाराला आई-वडिलांच्या खोलीतली फुकटची गादी बंद होते, आणि जेवायला बसलं की ते आपल्या दीडपट खातं. त्यामुळे तेरा ते अठरा वयाच्या मुलांना घेऊन परदेशातलं जंगल बघायला निघायचं असेल, तर आधी हे धरून चाला: घरात चौघं असाल तर खर्च चार मोठ्या माणसांचा आहे. 'मुलांचं निम्मं' हा जुना हिशेब आता चालणार नाही.

हे वाचून मागे फिरू नका. हेच वय जंगलासाठी सर्वांत चांगलं आहे. पाच-सहा वर्षांचं मूल हत्ती बघून खूश होतं आणि दहा मिनिटांनी खाऊ मागतं. पंधरा वर्षांचं मूल तीन तास चालू शकतं, दुर्बीण नीट धरतं, प्रश्न विचारतं आणि मनात आणलं तर गप्प बसूनही राहतं. शिवाय बारावीनंतर ते कुठल्या गावी शिकायला जाईल आणि आपल्याबरोबर पुन्हा सलग नऊ दिवस कधी मिळतील, कोणी सांगावं?

आम्ही चौघं गेलो तेव्हा लेक सोळाची होती आणि मुलगा तेराचा. देश निवडला श्रीलंका. मुंबईहून थेट विमान असेल तर अडीच तासांत पोहोचता येतं, घड्याळ बदलावं लागत नाही, आणि सदाहरित जंगल, हत्तींचं माळरान आणि समुद्रकासवांचा किनारा हे तिन्ही एकाच फेरीत बसतं. आणखी एक कारण मला मोलाचं वाटतं. आपला पश्चिम घाट आणि श्रीलंका यांना निसर्गशास्त्रज्ञ जैवविविधतेचा एकच प्रदेश मानतात. आंबोलीला किंवा भीमाशंकरला पावसात भटकलेलं मूल तिथे अगदीच परक्यासारखं राहत नाही. शेकरू त्याला ओळखीची वाटते, फक्त रंग निराळा. आपल्या शेकरूची पाठ तांबूस-तपकिरी, तर लंकेच्या ओल्या जंगलातली तिची बहीण वरून काळी आणि खालून पिवळसर. 'असं का?' हा प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात.

आकडा आधी सांगते

मुंबईहून निघून मुंबईला परत, आठ रात्री, चार माणसं, दोन साध्या पण स्वच्छ खोल्या, चालकासह गाडी, दोन सफारी, तीन दिवस सदाहरित जंगल: सगळं धरून २ लाख ८० हजार ते ३ लाख ६० हजार रुपये. त्यात विमान एक लाख ते एक लाख वीस हजार. गाडी पंचेचाळीस ते बावन्न हजार. खोल्या अठ्ठेचाळीस ते चौसष्ट हजार. जेवण चोवीस ते बत्तीस हजार. दोन सफारी वीस ते बत्तीस हजार, सदाहरित जंगलातले वाटाडे आणि तिकिटं बारा ते पंधरा हजार, कासवं आणि बाकीची किरकोळ तिकिटं पाच ते आठ हजार. विमा, सिमकार्ड, बक्षिसी आणि प्रवासाची कागदपत्रं मिळून पंधरा ते वीस हजार. उरलेले दहा-पंधरा हजार निघण्यापूर्वी घरीच खर्च होतात: रेनकोट, मोजे, दुर्बीण.

हे माझे अंदाज आहेत. हंगाम आणि डॉलरचा भाव यांप्रमाणे ते हलतात, तरी कुठे किती मोठं भोक आहे हे यावरून कळेल. सर्वांत मोठा खर्च विमानाचा आहे आणि तो तिथे किती दिवस राहता यावर अवलंबून नाही. म्हणून पाच दिवसांची सहल स्वस्त दिसते, पण जंगलातल्या दर दिवसामागे महाग पडते. आठ रात्रींपेक्षा कमी ठेवू नका.

नेहमीच्या सहल-पॅकेजमध्ये सहा दिवसांत कोलंबो, कँडी, नुवारा एलिया आणि बेंटोटा होतं. त्यात दिवसाचे चार-पाच तास बसमध्ये जातात. आई-वडील खिडकीबाहेर बघतात, मुलं मोबाइलमध्ये. मग घरी आल्यावर आपण म्हणतो, मुलांना निसर्गाची आवडच नाही. तीन तळ धरा आणि प्रत्येक ठिकाणी दोन-तीन रात्री राहा. गाडीचं इंधन वाचतं, रोजची बांधाबांध वाचते आणि दुसऱ्या दिवशी तेच झाड ओळखीचं होतं. हॉटेलचे तारे कमी करून वाटाड्याचे पैसे वाढवले तर मुलांच्या पदरात जास्त पडतं, हे मी अनुभवाने सांगते.

केव्हा जायचं, इथेच बहुतेकांचं चुकतं

लंकेला दोन मान्सून आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मान्सून बेटाच्या दक्षिण-पश्चिम बाजूला झोडपतो, तेव्हा पूर्व आणि उत्तर बाजू कोरडी असते. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मान्सून, तेव्हा उलट. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मधला काळ जवळजवळ सगळीकडे पावसाचा. नेमकी आपली दिवाळीची सुट्टी तेव्हाच येते, आणि सिंहराजा या सदाहरित जंगलाच्या वाटेवर तेव्हा जळवांचं राज्य असतं. दिवाळीत जाऊ नये असं माझं मत आहे.

नाताळची सुट्टी दक्षिणेसाठी उत्तम, पण तेव्हा युरोपातली गर्दी असते आणि खोल्यांचे भाव चढलेले असतात. राहता राहिली उन्हाळ्याची सुट्टी. एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत सकाळी ऊन आणि दुपारनंतर वळीव, असं हवामान असतं. सकाळी जंगल, दुपारी झोप, हे वेळापत्रक मुलांना मानवतं. फक्त १३-१४ एप्रिलच्या सुमाराला सिंहली आणि तमिळ नववर्ष असतं. चार-पाच दिवस दुकानं, खानावळी बंद, चालक आपापल्या गावी आणि थंड हवेच्या ठिकाणी स्थानिकांची तोबा गर्दी. ते दिवस टाळा. मेच्या पौर्णिमेला वेसाक म्हणजे बुद्धपौर्णिमा येते. गावोगावी कागदी कंदील लागतात आणि रस्त्याच्या कडेला मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्यांना फुकट जेवू घालतात. ती सापडली तर भाग्य.

मुलगा किंवा मुलगी दहावी-बारावीत असेल तर परीक्षा झाल्यावर लगेच, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात निघा. केंद्रीय मंडळाच्या शाळांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, त्यांना मे गाठावा लागेल. विमानाची तिकिटं तीन महिने आधी काढली तर बरी पडतात. चेन्नईहून पुढे गेल्यास कधी स्वस्त मिळतं, पण तिथल्या मुक्कामाचा आणि सामानाचा खर्च धरून मगच तुलना करा.

तीन तळ

पहिली रात्र विमानतळाजवळच काढा. 'कोलंबोचा' विमानतळ प्रत्यक्षात शहराच्या उत्तरेला, कटुनायके इथे आहे, आणि नेगोंबो हे समुद्रकाठचं गाव तिथून अर्ध्या तासावर. रात्री उशिरा उतरून थेट जंगलाच्या रस्त्याला लागण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी सिंहराजा. १९८८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं हे सदाहरित जंगल. वायव्येच्या कुडावा बाजूने किंवा आग्नेयेला देनियायाकडून आत शिरता येतं. विमानतळाकडून कुडावा जवळ, पण पुढे उडावालावेला जायचं तर देनियाया सोयीचं. तीन रात्री इथे द्या. हे जंगल वनखात्याकडे आहे, त्यामुळे प्रवेशाचं तिकीट सफारीच्या उद्यानांपेक्षा बरंच स्वस्त. वाटाड्या मात्र घ्यावाच लागतो, आणि इथे काटकसर करू नका. नाक्यावर मिळेल तो सोबत आला तर तो रस्ता दाखवतो. पक्ष्यांचा जाणता वाटाड्या आदल्या दिवशी ठरवला तर तो जंगल दाखवतो. दोघांत दिवसाला दोन-तीन हजार रुपयांचा फरक पडतो.

त्या फरकाचं काय मिळतं ते सांगते. पहिल्या सकाळी दीड तास आम्हाला एकही पक्षी दिसला नव्हता. मुलाने दोनदा घड्याळ बघितलं. वाटाड्या एका जागी थांबला आणि त्याने नुसतं बोट वर केलं. आधी कलकल ऐकू आली, आपल्याकडच्या सातभाईंसारखी. नारिंगी चोचीचे सातभाई पुढे, त्यांच्या वर फांद्यांवर कोतवाल, आणि मागून वेगवेगळ्या जातींचे कितीतरी पक्षी, सगळे एका दिशेने. सिंहराजातले पक्षी असे मिश्र थवे करून हिंडतात. सातभाई पानांतले किडे उठवतात, कोतवाल पहारा देतो आणि बाकीच्यांचं जेवण होतं. वाटाड्याने हे हलक्या आवाजात सांगेपर्यंत थवा आमच्या डोक्यावरून निघूनही गेला. सात-आठ मिनिटं असतील. लेकीने वहीत अकरा नावं लिहिली. त्यातली चार जगात फक्त लंकेत सापडतात हे कळल्यावर तिने त्यांच्याखाली रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पाच वाजता तिला उठवावं लागलं नाही.

सिंहराजानंतर उडावालावे, दोन रात्री. गाडीने तीन तासांच्या आसपास. हे उद्यान १९७२ सालचं, एका धरणाच्या जलाशयाभोवतीचं. उघडं माळरान असल्यामुळे हत्ती वर्षभर दिसतात. पुष्कळ जण 'याला नावाचं उद्यानच हवं, बिबट्या तिथेच' असा हट्ट धरतात. यालाच्या ज्या भागात बिबटे जास्त, तिथेच जीपगाड्याही जास्त. एका बिबट्याच्या शेपटीसाठी वीस-पंचवीस गाड्यांच्या धुरात थांबायचं का, याचा विचार घरीच करा. बिबट्याच पाहिजे असेल तर वायव्येचं विलपत्तू मोठं आणि निवांत आहे, पण ते या मार्गावर नाही. त्यासाठी वेगळे दोन दिवस काढावे लागतील.

शेवटच्या दोन रात्री दक्षिण किनाऱ्यावर, तंगालेजवळच्या रेकवाला. तिथून महामार्गाने विमानतळ साधारण तीन-साडेतीन तासांवर.

सफारीचा भाव विचारताना

या एका बाबतीत ग्राहक सर्वांत जास्त नाडला जातो, म्हणून सविस्तर लिहिते. जीपवाला जो आकडा सांगतो तो बहुधा फक्त जीपचा असतो. उद्यानाचं प्रवेशशुल्क निराळं. ते परदेशी पाहुण्यांसाठी डॉलरच्या हिशेबाने ठरतं, त्यावर गटामागे सेवाशुल्क आणि पुन्हा व्हॅट. लंकेत जानेवारी २०२४ पासून व्हॅट १८ टक्के आहे. आमचं नेमकं इथेच चुकलं. ज्या अतिथिगृहात उतरलो होतो त्यांनी सांगितलेला आकडा आम्ही पूर्ण सफारीचा समजलो आणि पहाटे साडेपाचला तिकीटखिडकीवर दुप्पट पैसे मोजले. त्या वेळी घासाघीस करायला ना वेळ असतो ना पर्याय.

म्हणून आदल्या संध्याकाळी एकच वाक्य विचारा: 'चौघांचं, तिकीट, कर, जीप सगळं धरून किती?' उत्तर कागदावर लिहून घ्या. अर्ध्या दिवसाची जीप साधारण चार ते सहा हजार भारतीय रुपयांना मिळते. शुल्क मिळवून चौघांची एक सफारी दहा ते सोळा हजारांत बसते. जीपचं भाडं माणशी नसतं, गाडीमागे असतं. अतिथिगृहात दुसरं एखादं कुटुंब असेल तर निम्मं निम्मं करता येतं. फक्त सहाच्या वर माणसं घेऊ नका, मधल्या मुलाला काही दिसत नाही.

दुसरी सूचना: पासपोर्ट खोलीत ठेवून जाऊ नका. भारतीयांना सार्क देशाचे नागरिक म्हणून सीगिरियासारख्या ठिकाणी तिकिटात सवलत मिळते, पण पासपोर्ट दाखवला तर. प्रत्येक खिडकीवर 'सार्कचा वेगळा दर आहे का?' हे आपण होऊन विचारा. ते स्वतःहून सांगतील अशी अपेक्षा ठेवू नका. आणि बारा वर्षांपर्यंतची निम्मी तिकिटं मागून वेळ घालवू नका. आपली मुलं त्या रांगेतून केव्हाच बाहेर आलेली असतात.

उद्यान सकाळी सहाला उघडतं. सकाळची पहिली आणि दुपारी तीननंतरची, अशा दोन अर्ध्या दिवसांच्या सफारी वेगवेगळ्या दिवशी करा. पूर्ण दिवसाची सफारी मुलांना झेपत नाही; अकरा ते तीन उन्हात जनावरंही सावली धरतात.

उडावालावेलाच एक जागा आहे जिथे कमीत कमी पैशात सर्वांत जास्त मिळतं. आई हरवलेल्या हत्तीच्या पिल्लांसाठी लंकेच्या वन्यजीव खात्याने १९९५ साली तिथे एक संक्रमण केंद्र सुरू केलं. पिल्लांना वाढवतात आणि मोठी झाली की उद्यानात सोडून देतात. त्यांना शिवायचं नाही, फोटोसाठी जवळ जायचं नाही. ठरल्या वेळी दूध पाजताना लांबच्या कठड्यावरून बघायचं. फाटक उघडलं की पिल्लं धावतच येतात. कर्मचारी नरसाळ्याला लावलेली नळी पिल्लाच्या तोंडात धरतो आणि वरून दूध ओततो. एक पिल्लू पिऊन झाल्यावरही हलेना. सोंडेने नळी धरून उभं राहिलं, मग त्याला हलकेच ढकलत बाजूला नेलं. मुलाने विचारलं, 'हा परत जंगलात गेल्यावर बाकीचे त्याला घेतील?' या प्रश्नासाठी मी आणखी चार सफारींचे पैसे दिले असते. हत्तीवर बसणं, हत्तीला आंघोळ घालणं असले जे खेळ पर्यटकांना विकले जातात, त्यांना मुलांच्या देखत 'नको' म्हणा. या वयात ते लक्षात राहतं.

जेवण, खोल्या, गाडी

लंकेतलं मुख्य जेवण 'राइस अँड करी' या नावाने ओळखलं जातं: भात, मसूरडाळ (तिथे परिप्पु), दोन-तीन भाज्या, पापड, खोबऱ्याची चटणी. साध्या खानावळीत हे दोन-तीनशे भारतीय रुपयांत पोटभर होतं, हॉटेलच्या टेबलावर त्याच्या तिप्पट. चौघांचं दिवसाला तीन ते चार हजार धरा. कोवळ्या फणसाची भाजी, पोलोस, कोकणातल्या कुयरीच्या भाजीची आठवण करून देते. म्हशीच्या दह्यावर घालायचा कितुलचा काकवीसारखा पाक ज्या झाडापासून येतो, तो आपला भेरली माड. मुलांना ही नाती दाखवत गेलं की 'इथे पिझ्झा नाही का' हा प्रश्न मागे पडतो.

शाकाहारी असाल तर एक शब्द पाठ करा: उंबलकड. सुकवलेल्या माशाचा हा चुरा खोबऱ्याच्या चटणीत आणि कित्येक भाज्यांतही चवीला घालतात. 'व्हेज' म्हटलं तरी तो येऊ शकतो, कारण स्वयंपाक्याच्या लेखी तो मसालाच आहे. 'उंबलकड नको' असं ऑर्डर देतानाच सांगा.

खोल्यांबाबत: दोन मोठी मुलं आणि आई-वडील एका खोलीत चार रात्री काढू शकतात, आठ नाही. शेजारच्या दोन खोल्या घ्या. घरगुती अतिथिगृहात दोन्हींचे मिळून न्याहारीसह रात्रीला सहा ते आठ हजार पुरतात. जंगलाजवळच्या आलिशान तंबूंचे दर याच्या पाच-सहापट असतात. मला ते पैसे वाया गेल्यासारखे वाटतात, कारण दिवस उजाडताच बाहेर पडायचं आणि रात्री नऊला झोपायचं असतं. आरक्षण करताना दर कर आणि सेवाशुल्क धरून आहे का, हे विचारा. तिकडे दहा टक्के सेवाशुल्क आणि त्यावर व्हॅट लावण्याची पद्धत आहे, त्यामुळे पाच हजारांची खोली साडेसहाला जाते.

गाडी चालकासह, दिवसाला साडेपाच ते साडेसहा हजार. यात इंधन, महामार्गाचा टोल आणि चालकाची राहण्याची सोय धरली आहे का, हे आधी लेखी घ्या. बऱ्याच अतिथिगृहांत चालकासाठी खोली असते, नसेल तर ती आपण बघायची. आमच्या चालकाला मुलगा दुसऱ्या दिवसापासून 'अय्या' म्हणू लागला, सिंहलीत थोरला भाऊ. अय्याने त्याला आकडे शिकवले आणि कुठल्या टपरीवर भाव वाढवून सांगतात तेही.

पैशांसाठी थोडे डॉलर, एक कार्ड आणि यूपीआय पुरतं. फेब्रुवारी २०२४ पासून लंकेत यूपीआय सुरू आहे, मात्र ॲपमधली परदेशातल्या वापराची सोय निघण्यापूर्वी चालू करा. भारतीय एका रुपयाला तिथले साधारण सव्वातीन ते साडेतीन रुपये मिळतात. मनातल्या मनात भाग देणं मुलांवर सोपवा. आम्ही हिशेबाची वही लेकीकडे दिली होती. रोज रात्री ती उरलेली रक्कम वाचून दाखवायची, आणि तिसऱ्या दिवशी तिनेच सुचवलं की दुपारचं जेवण खानावळीत घेऊ आणि वाचलेल्या पैशांत वाटाड्या आणखी अर्धा दिवस घेऊ.

सहल कंपनीकडून पॅकेज घेणार असाल तर बिलात टीसीएस दिसेल. तो वेगळा भुर्दंड नाही, आगाऊ कापलेला कर आहे. विवरणपत्र भरताना तो तुमच्या खात्यात धरला जातो. पावती जपून ठेवा.

रात्रीची कासवं आणि दिवसाच्या जळवा

लंकेच्या किनाऱ्यावर जगातल्या सातांपैकी पाच जातींची समुद्रकासवं अंडी घालतात. रेकवाला स्थानिक राखणदारांबरोबर रात्री वाळूवर बसून वाट बघायची. विजेरी नाही, मोबाइल नाही, बोलणं नाही. वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना इथे त्या गोष्टीची आधीची बाजू दिसते. आम्ही पावणेदोन तास बसलो. मग अंधारात वाळू उडल्याचा आवाज आला, दमलेल्या श्वासासारखा दुसरा आवाज आला, आणि राखणदाराने आम्हाला एकेकाला मागच्या बाजूने नेलं. हिरवं कासव, पाट भरेल एवढं रुंद. अंडी पडताना ते हलत नाही. परत येताना मोबाइल हातात असून कुणी तो चालू केला नाही. कासव येईलच अशी हमी कुणी देत असेल तर त्याला पैसे देऊ नका. किनाऱ्यावरच्या खासगी 'कासव केंद्रां'त पिल्लं हातात देतात, तिथेही जाऊ नका.

जळवांचं फारसं मनावर घेऊ नका, पण तयारी ठेवा. गुडघ्यापर्यंत बांधायचे घट्ट विणीचे कापडी मोजे मिळतात. ते जोडीला चार-पाचशे रुपये. घरातला एक डेटॉल साबण पुरे. डासांचं मात्र मनावर घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली श्रीलंका मलेरियामुक्त जाहीर केली, पण डेंग्यू आहे. तो दिवसा चावणाऱ्या डासांचा आहे, म्हणून सकाळीच मलम लावायचं. माकडाने किंवा कुत्र्याने ओरबाडलं तर जखम साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा, 'साधंच आहे' म्हणू नका. चौघांचा प्रवासविमा तीन-चार हजारांत होतो. त्यात इस्पितळाचा खर्च धरला आहे हे बघून घ्या.

दुर्बीण एक तरी चांगली घ्या, आठ बाय बेचाळीसची. भाड्याने मिळाली तर उत्तमच. चौघांत एक म्हणजे भांडणं. शक्य तर दोन.

ही सगळी उठाठेव मुलांना आवडेल की नाही अशी शंका असेल, तर तीन लाख खर्चण्यापूर्वी तीन हजारांची रंगीत तालीम करा. जुलैत आंबोलीला दोन रात्री जा. पहाटे उठून पावसात बेडूक शोधायचे, बूट चिखलात, पायाला एखादी जळू. तिथे ज्या मुलाच्या तोंडून दुसऱ्या दिवशी 'अजून एक तास थांबू या' निघालं, त्याला लंका मानवेल. नाही निघालं, तर एक वर्ष थांबा. पैसे कुठे जात नाहीत.

कागदपत्रांचं शेवटी लिहिते, पण करायचं ते सर्वांत आधी. प्रवेशपरवानगीचे नियम आणि शुल्क अलीकडे वारंवार बदलले आहेत. तिकीट काढण्यापूर्वी श्रीलंका सरकारच्याच संकेतस्थळावर बघा, मधल्या दलालांच्या सारख्या दिसणाऱ्या पानांवर नाही. पासपोर्टला लंकेत पोहोचल्या दिवसापासून सहा महिने मुदत उरलेली हवी. आणि घोळ मुलांच्याच पासपोर्टचा होतो: अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवरच चालतो. पंधरा ते अठराच्या मुलांना १,५०० रुपये भरून दहा वर्षांचा घेता येतो. पाच वर्षांच्याला १,००० लागतात. नवा काढायचाच असेल तर दहा वर्षांचाच काढा. आज रात्री कपाटातून चारही पासपोर्ट बाहेर काढा आणि प्रत्येकावरची मुदतीची तारीख मुलांनाच मोठ्याने वाचायला सांगा.